सहा-नऊ मर्सिडीज: धूर दिसला म्हणून इंजिन खोलू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे पुण्याचे, नोकरीमुळे श्टुटगार्टजवळ राहता. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांच्या शेडमध्ये १९७७ची मर्सिडीज ४५० एसईएल ६.९ अकरा वर्षं उभी होती. नवी बॅटरी लावून चालू केली तर मागून भसाभस धूर आला. पिकअप नाही, गरम इंजिन बंद केलं की पुन्हा लवकर लागत नाही, आणि गाडी मागून बसली आहे. एका गॅरेजने तीन कामं सांगितली: इंजिन पूर्ण खोलून बोअर करा (म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कातून मोठे करा), जुनं पेट्रोल इंजेक्शन काढून कॉम्प्युटरवालं बसवा, हायड्रॉलिक सस्पेन्शन उपटून कॉइल स्प्रिंगा टाका. गाडी घ्यावी का, मूळची ताकद परत येईल का आणि पुढे ती पुण्याला नेता येईल का, असं तुम्ही विचारताय.

पत्रा धड असेल तर घ्या. ताकद परत येते. मात्र गॅरेजने सांगितलेल्या तीनपैकी एकही काम करू नका. या गाडीत सगळ्यात चिवट भाग इंजिन हाच आहे. बिघडतं ते त्याच्या आजूबाजूचं: पेट्रोल पोचवणारी यंत्रणा, हायड्रॉलिकचा दाब धरणारी सीलं आणि या सगळ्याला सांभाळणारा पत्रा. जुन्या दमदार गाड्यांत पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे.

आधी ही गाडी काय चीज आहे ते समजून घ्या, म्हणजे निदान करताना कशाशी तुलना करायची ते कळेल. हिचं एम-१०० नावाचं व्ही-८ इंजिन मर्सिडीजने मुळात १९६३ साली आलेल्या ६०० या थोरल्या लिमोझिनसाठी बनवलं. तेव्हा ते ६.३ लिटरचं आणि २५० पीएसचं (पीएस म्हणजे युरोपातली अश्वशक्ती) होतं. मग एरिक वॅक्सेनबर्गर या इंजिनिअरने तेच धूड त्यामानाने लहानशा ३०० एसईएलमध्ये बसवलं आणि १९६८ मध्ये ३०० एसईएल ६.३ बाजारात आली. पुढच्या ४५० एसईएलसाठी सिलिंडरचा बोअर १०३ वरून १०७ मिलिमीटर केला, स्ट्रोक ९५ मिलिमीटरच ठेवला, आणि क्षमता झाली ६,८३४ सीसी. (साधारण एवढ्याच क्षमतेपर्यंत बोअर केलेली ३०० एसईएल घेऊन एएमजी नावाचं तेव्हाचं छोटंसं दुकान १९७१ साली बेल्जियममधल्या स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरलं आणि एकूणात दुसरं आलं. एएमजीचं नाव तिथून गाजलं.)

युरोपातल्या ६.९ ला २८६ पीएस मिळतात, तेही फक्त ४,२५० आरपीएमला. टॉर्क ५४९ न्यूटन-मीटर, ३,००० आरपीएमला. साधारण १,९३५ किलोची ही सेडान ७.४ सेकंदांत शंभर गाठायची आणि ताशी २२५ किलोमीटरपर्यंत जायची. १९७५ ते १९८० या काळात एकूण ७,३८० गाड्या बनल्या. आता हिशोब बघा: लिटरमागे जेमतेम ४२ पीएस. म्हणजे इंजिनावर ताण असा नाहीच. ब्लॉक बिडाचा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले, टॅपेट हायड्रॉलिक. ऑइलची व्यवस्था ड्राय संप पद्धतीची (ऑइल इंजिनाच्या तळाशी नाही, वेगळ्या टाकीत), एकूण सुमारे १२ लिटर ऑइल फिरतं. एवढं ऑइल आणि एवढा कमी ताण असलेलं इंजिन नुसतं उभं राहून बोअर करण्याइतकं झिजत नाही.

चालवताना काय वाटलं पाहिजे तेही सांगतो. गिअरबॉक्स तीन गिअरचा ऑटोमॅटिक, मागच्या ॲक्सलचा रेशो २.६५. शंभरला इंजिन २,२०० च्या आसपास फिरत असतं. ऐंशीवरून पाय दाबला तर आवाज फारसा न वाढता सीट पाठीला लागली पाहिजे आणि ती तशीच लागलेली राहिली पाहिजे. रेस देऊन ओरडवायची ही गाडी नव्हे. तुम्ही चालवली तेव्हा आवाज झाला पण गाडी ओढली नाही, असं लिहिलंय. ते पेट्रोल कमी पडतंय याचं लक्षण आहे.

आता धूर. धूर म्हटलं की पिस्टन-रिंग, हे समीकरण मेकॅनिक मंडळींच्या डोक्यात पक्कं बसलंय. या गाडीत धुराला किमान तीन स्वस्त कारणं असतात आणि ती तपासल्याशिवाय हेडच्या एका बोल्टलाही पाना लावू द्यायचा नाही.

पहिलं कारण व्हॉल्व्ह स्टेम सील. इतकी वर्षं उभ्या गाडीत ती कडक होतात, त्यातून ऑइल झिरपतं, चालू करताना निळा ढग येतो आणि चार-पाच मिनिटांत विरतो. ही सीलं हेड न उतरवता बदलता येतात. सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरायचे आणि वरून काम करायचं.

दुसरं कारण बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर बाजूला एक छोटा डबा असतो, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. इनटेक मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम एका बारीक नळीतून त्याला दिलेला असतो. आतला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल शोषायला लागतं आणि ते जळून पांढरट, दाट, उग्र वासाचा धूर येतो. सोबत गिअर खटके देत पडतात आणि एटीएफ (हेच गिअरबॉक्सचं तेल) कमी होत जातं, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. तपासणी दोन मिनिटांची आहे: नळी मॉड्युलेटरपासून काढा आणि आत कापसाची काडी फिरवा. लाल तेल लागलं तर विषय संपला. माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. आधीच्या गॅरेजने रिंगा बदलण्याचं लांबलचक अंदाजपत्रक दिलेलं. काडी बाहेर काढली ती लालभडक. मॉड्युलेटर बदलला, मॅनिफोल्डमध्ये साठलेलं तेल जळून जायला हायवेवर एक फेरी मारली, धूर बंद.

तिसरं कारण जास्त ऑइल. ड्राय संप असल्यामुळे या गाडीत ऑइल मोजायची रीतच वेगळी आहे. इंजिन पूर्ण गरम करायचं आणि चालू ठेवूनच टाकीच्या झाकणाला असलेली डिपस्टिक बघायची. उभ्या, थंड गाडीत टाकीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं, त्यामुळे काठी कोरडी दिसते. मग कोणीतरी भल्या मनाने दोन-तीन लिटर वाढवतं आणि गाडी ते जाळत बसते. विकणाऱ्याने बॅटरी टाकताना ऑइलही ‘थोडं टाकलं’ का, हे नक्की विचारा.

हे झाल्यावर आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) मोजा, इंजिन गरम करून. आकडा किती आला यापेक्षा आठ आकड्यांत तफावत किती हे महत्त्वाचं. सगळे जवळपास सारखे असतील तर बोअरचं नाव काढायचं नाही. एखादाच कमी असेल तर लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरा आणि हवा कुठून सुटते ते ऐका: ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंजाचा पापुद्रा असतो. काही तास चालल्यावर तो आकडा आपोआप सुधारतो, म्हणून पहिल्याच दिवशीच्या मापावर निर्णय घेऊ नका.

पिकअपचं खरं दुखणं आहे बॉशच्या के-जेट्रॉनिकमध्ये. ही पूर्णपणे यांत्रिक इंजेक्शन पद्धत आहे, हिला कॉम्प्युटर नाही. आत जाणारी हवा एक गोल चकती ढकलते, चकतीची दांडी फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर वर करते आणि प्लंजरच्या बारीक फटींमधून आठ नळ्यांना पेट्रोल जातं. प्लंजरच्या डोक्यावर वरून जो दाब असतो त्याला कंट्रोल प्रेशर म्हणतात. तो वाढला की मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), कमी झाला की घट्ट. तो ठरवतो वॉर्म-अप रेग्युलेटर. सगळी यंत्रणा एवढीच, पण इंजिन उभं राहिलं की जुन्या पेट्रोलचा चिकट थर प्लंजरवर बसतो, टाकीतला गंज जाळीत अडकतो, रेग्युलेटरमधली चाळणी तुंबते. मिश्रण पातळ होतं आणि २८६ पीएसचं इंजिन दीडशे पीएससारखं वागतं.

त्यामुळे क्रम असा. टाकी उतरवा, आतून धुवा, तळाची जाळी बदला. रबरी नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या. फिल्टर नवा. मग प्रेशर गेज लावा. गेजशिवाय के-जेट्रॉनिकला हात लावणाऱ्या माणसाला गाडीजवळ फिरकू देऊ नका. सिस्टिम प्रेशर, थंड इंजिनाचं कंट्रोल प्रेशर, गरम इंजिनाचं कंट्रोल प्रेशर आणि इंजिन बंद केल्यावर टिकून राहणारं प्रेशर, ही चार मापं घ्यायची आणि मर्सिडीजच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून बघायची. गरम असताना तुमची गाडी लागत नाही, याचा अर्थ चौथं माप बहुधा घसरलेलं असणार. बंद केल्यावर दाब टिकला नाही तर गरम नळ्यांमधल्या पेट्रोलची वाफ होते. फ्युएल अ‍ॅक्युम्युलेटर (पेट्रोलचा दाब धरून ठेवणारा डबा) किंवा पंपाचा चेक व्हॉल्व्ह यांपैकी एक बहुधा गेलेला निघेल. दोन्ही सुटे मिळतात.

प्लंजर चिकटतोय का ते हातालाच कळतं. सिस्टिममध्ये दाब असताना चकती हवा ढकलते त्याच दिशेने हळूहळू सरकवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, तुपासारखा मऊ विरोध लागला पाहिजे. मध्ये कुठे अडखळलं किंवा सोडल्यावर प्लंजर मागे राहिला तर डिस्ट्रिब्युटर काढून तज्ज्ञाकडे द्या. घरी एमरी पेपर मारून ‘साफ’ केलेले प्लंजर मी पाहिलेत. त्यांना परत कोणी ठीक करू शकत नाही. आणि मिश्रणाच्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावायचा, सीओ मीटर (धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र) लावून. दाब चुकीचे असताना स्क्रू फिरवणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकणं.

कॉम्प्युटरवालं इंजेक्शन बसवून काय मिळेल? थोडं ॲव्हरेज, थोडं सोपं स्टार्टिंग. जाईल काय ते पुढे सांगतो.

सस्पेन्शनकडे येऊ. सिट्रोएनने डीएस गाडीत १९५५ मध्ये आणलेल्या हायड्रोन्यूमॅटिक पद्धतीवर हे बेतलेलं आहे, पण अंमलबजावणी मर्सिडीजची. सिट्रोएनचा पंप बेल्टवर चालतो, इथे तो इंजिनाच्या टायमिंग चेनवरून चालतो. चार चाकांना चार स्ट्रट (गाडी पेलणारे हायड्रॉलिक दांडे), प्रत्येकाला नायट्रोजन भरलेला गोळा, आणि पाचवा गोळा मध्यवर्ती साठ्याचा. गोळ्यात एका पडद्याच्या अलीकडे तेल, पलीकडे वायू. धक्का बसला की तेल वायूला दाबतं. स्प्रिंग म्हणतात ती हीच. स्पीडोमीटरखाली एक कळ आहे, ती ओढली की गाडी ५० मिलिमीटर वर उचलते. तेल पूर्ण गेलंच तरी आत कठीण रबराचे आधार ठेवलेत, त्यांवर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं.

तुमची गाडी मागून बसली म्हणजे यंत्रणा मेली असं नाही. इतके दिवस उभी राहिल्यावर ती बसणारच. प्रश्न असा की चालू केल्यावर उठते का, आणि उठल्यावर रात्रभर किती उतरते. न उठल्यास पंपाकडे, तेलाच्या टाकीतल्या फिल्टरकडे आणि उंचीच्या व्हॉल्व्हच्या दांड्यांकडे बघा. या दांड्यांचे सांधे गंजून अडकलेले अनेकदा सापडतात आणि दुरुस्तीचा खर्च जवळपास शून्य असतो. उठते पण सकाळी एकच टोक खाली असतं, तर त्या टोकाचा लेव्हलिंग व्हॉल्व्ह किंवा स्ट्रटचं सील. उठते, उंची धरते, पण खड्ड्यात दगडासारखी आदळते, तर गोळ्यांतला वायू गेलाय. मडगार्डवर वजन टाकून बघा: खाली जाऊन मऊपणे वर आली तर गोळे जिवंत. पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षं झिरपतोच, तेव्हा इतक्या जुन्या गाडीत पाचही गोळे एकदम बदलायचे. एकेक बदलत बसू नका.

दोन गोष्टी निक्षून. या यंत्रणेत मर्सिडीजने सांगितलेलं खनिज हायड्रॉलिक तेलच घालायचं. ब्रेक फ्लुइड आत गेलं तर सीलं फुगून सगळी यंत्रणा एका झटक्यात बाद होते. आणि आतला दाब पद्धतशीर सोडल्याशिवाय एकही नळी उघडायची नाही, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. यातला तेलाचा फवारा कातडीतून आत घुसतो, आणि गाडी इशारा न देता खाली बसते.

कॉइल स्प्रिंगा टाकलेल्या ६.९ मी चालवल्यात. दोन टनांची गाडी मागून झुकते, वळणावर लोळते आणि पुढची दोन दशकं मालक ‘काहीतरी चुकतंय’ म्हणत राहतो. शिवाय जर्मनीत कायद्याची बाजू आहे. तीस वर्षांवरच्या गाडीला एच अक्षराची नंबरप्लेट मिळते आणि वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो लागतो, नाहीतर पावणेसात लिटरच्या इंजिनाचा कर बघून डोळे पांढरे होतील. ही प्लेट मिळायला गाडी बऱ्याच अंशी मूळ अवस्थेत असल्याचा तज्ज्ञाचा दाखला लागतो. आजचं कॉम्प्युटर इंजेक्शन आणि घरगुती स्प्रिंगा बघून तो माणूस सही करेल की नाही, याचा भरवसा धरू नका. विकताना किंमत पडते ती वेगळी.

आता ज्यावर घ्यायचं की नाही ते ठरतं, तो पत्रा. यांत्रिक भाग महाग असले तरी मिळतात, मर्सिडीजचं क्लासिक सेंटर तर तुमच्या शेजारी फेलबाखलाच आहे. कुजलेली बॉडी मात्र सगळं बजेट गिळते. चुंबक आणि टॉर्च घेऊन जा. चारही जॅक-पॉइंट अंगठ्याने दाबून बघा, चाकांच्या कमानींना आतून हात लावा, बॅटरीखालचा पत्रा बघा. मागच्या काचेचे खालचे कोपरे विशेष: तिथे रबराखाली गंज धरला की पाणी डिकीत उतरतं, आणि डिकीचं कार्पेट उचलेपर्यंत कोणाला कळत नाही. चुंबक जिथे सुटतो तिथे पोटीन भरलंय. दोन-चार ठिकाणी गंज असेल तर कापून नवा पत्रा जोडता येतो. जॅक-पॉइंट, सिल (दारांखालची पत्र्याची पट्टी) आणि काचेचे कोपरे तिन्ही गेले असतील तर नमस्कार करून घरी या, इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी.

कागदपत्रांत चासी नंबर ११६.०३६ ने सुरू होणारा हवा आणि इंजिन १००.९८५ ने. साध्या ४५० ला मागे ‘६.९’ चिकटवलेल्या गाड्या फिरतात. उलट, कारखान्यातूनच आकडा न लावता नेलेल्या खऱ्याही आहेत. अमेरिकेला गेलेल्या गाड्यांत कॉम्प्रेशन कमी आणि ताकद २५० हॉर्सपॉवर. लांब, जाड बंपरवरून ओळखू येतात. तुमच्या फोटोत बंपर युरोपचे दिसतायत, पण नंतर बदललेलेही असू शकतात. डेटाकार्ड (गाडीची कारखान्यातली मूळ नोंद) मागवून खात्री करा.

मापं घेऊन झाल्यावर घेतलीत, तर ती लगेच पुन्हा चालू करू नका, ट्रेलरवरच न्या. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, इंजिन हाताने फिरवा, मग प्लग नसतानाच स्टार्टर मारून ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत फिरवा. चालू झाल्यावर रेस दिली की काटा तीनवर टेकला पाहिजे. ब्रेकच्या नळ्या आणि टायर न बघताच बदला; मूळ मापाचे, २१५/७० चौदा इंची, मिशेलिन एक्सडब्ल्यूएक्स अजून बनतात. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं सुपर प्लसच.

पुण्याला न्यायचं म्हणता, तर घाई नको. भारतात २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे, ‘व्हीए’ अक्षरांची, पण पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. तुमची गाडी २०२७ च्या आत त्यात बसत नाही. जुन्या गाडीच्या आयातीचे आणि जकातीचे नियम बदलत असतात, ते त्या वेळी कस्टम एजंटकडून लेखी घ्या. मला जास्त काळजी पेट्रोलची वाटते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे ई-२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) मिश्रण पातळ होतं, आणि हे कळून सुधारणा करणारा सेन्सर तुमच्या के-जेट्रॉनिकमध्ये नाही. गेज लावून पुन्हा सेटिंग करणारा माणूस हाताशी असेल तरच विचार करा.

तूर्त व्यवहाराला थोडं थांबवा. आठ कॉम्प्रेशनचे आकडे, चार प्रेशरची मापं आणि जॅक-पॉइंट व मागच्या काचेच्या कोपऱ्यांचे फोटो पाठवा, म्हणजे सांगितलेल्या किमतीतून किती कमी करून मागायचं ते सांगता येईल.